वर्गणीतून भरणारा विज्ञान मेळावा

चाळीसगाव तालुक्यातल्या शाळेचा वार्षिक विज्ञान मेळावा म्हटला की आधी वर्गणी आठवते. फेब्रुवारीचा शेवट, दहावीची परीक्षा तोंडावर, शेतात गहू-हरभरा काढणीला आलेला. तरी 28 तारखेला पटांगणात मंडप पडायचाच. कोणी पैसे द्यायचं, कोणी पायलीभर दादर ज्वारी, कोणी भरताची वांगी. दुपारचं भरीत-पुरीचं जेवण त्यातूनच व्हायचं आणि प्रयोगांचं सामानही त्यातूनच यायचं.

28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून 1987 पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. भाषणात एवढं सगळेच सांगायचे. पण रामन ज्या संस्थेत काम करत होते, ती कोलकात्याची संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये लोकांकडून देणग्या गोळा करून उभी केली होती, हेही मुलांना सांगायला हवं. मेळाव्यात ते आवर्जून सांगितलं जायचं, तेही वर्गणी देणारे समोर बसलेले असताना.

मेळाव्याचं खरं आकर्षण म्हणजे सावलीचा प्रयोग. मीटरभर उंचीची सरळ काठी पटांगणात उभी करायची. जमीन गवंड्याच्या पाणनळीनं समपातळीत आणायची आणि काठी ओळंब्यानं तपासायची. काठीच्या बुडाशी 60 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. बाराच्या किंचित आधी टोक वर्तुळाच्या आत शिरतं आणि दीड वाजून गेल्यावर बाहेर पडतं. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची खूण बुडाशी जोडली की कोन तयार होतो. तो दुभागला की अस्सल उत्तर-दक्षिण रेषा मिळते.

घोटाळे ठरलेले असायचे. बरीच मुलं बाराच्या ठोक्याला सावली मोजून मोकळी व्हायची. पण आपलं घड्याळ 82.5 रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि चाळीसगाव 75 अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे अर्धा तास इथेच गेला. त्यात फेब्रुवारीअखेरीस सूर्य घड्याळाच्या बारा-तेरा मिनिटं मागे असतो. त्यामुळे आपला खरा मध्यान्ह 12 वाजून 42-43 मिनिटांनी होतो आणि सर्वांत आखूड सावली तेव्हा पडते, 54 सेंटिमीटरच्या आसपास. दुसरी अडचण टोकाची. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट होतं आणि प्रत्येक जण आपापल्या नजरेनं वेगळी खूण करतो. यावर उपाय सोपा आहे. काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवायचा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याच्या मधोमध खूण करायची. मात्र उंची भोकापासून मोजायची, काठीच्या टोकापासून नव्हे.

मग काठीची 100 आणि सावलीची 54 अशा बाजूंचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून काठीच्या माथ्याच्या कोनाला कोनमापक लावलं की सुमारे 28.4 अंश निघतात. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या 8 अंश दक्षिणेला असतो. ते वजा केले की 20.4 अंश, म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. हा आकडा फळ्यावर उतरला की मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांतून हमखास आवाज यायचा, ‘‘हाई कसं व्हयनं?’’ आणि सातवी-आठवीतली पोर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. विज्ञान दिनाची भाषणं विसरली जातात, पण हे सांगणं लक्षात राहतं.

काचेच्या बाटलीत माती, पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून हलवायचा प्रयोगही असायचा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, काळ्या रानाची चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. त्यामुळे ही बाटली आदल्या दिवशीच भरून ठेवावी लागते.

दुपारी कृषी संशोधकांशी गप्पा व्हायच्या. त्यांना व्यासपीठावर न बसवता सतरंजीवर लोकांच्या मधोमध बसवायची पद्धत फार चांगली होती. रावेर-यावलकडचे सोयरे आले की विषय केळीवरच्या हरण्या रोगाचा निघायचा. ‘‘साहेब, औषध सांगा.’’ ‘‘आबा, हा विषाणू आहे. झाड बरं करणारं औषध नाही.’’ हे उत्तर कोणालाच रुचायचं नाही. मग सविस्तर बोलणं व्हायचं: पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, बाग चार-पाच दिवसांनी फिरून तपासायची, केळीत काकडी-भोपळा लावायचा नाही, कारण रोग तिथेही राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. ‘औषध नाही’ असं तोंडावर सांगणारा माणूस गावाला हवाच. दुकानातून उगाच फवारणीची बाटली घेऊन येण्यापेक्षा ते ऐकणं स्वस्त पडतं.

काही वर्षी मेळाव्याला जोडून तालुक्यातल्याच पाटणची (पाटणादेवीची) सहल असायची. तिथल्या 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे आणि त्यांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, 12 अंगुळांचा. आपल्या पटांगणातली सावली त्या मापानं साडेसहा अंगुळं भरते. पण मुलांना सगळ्यांत भावतो तो लेखाच्या शेवटचा जुन्या मराठीतला भाग. मठाचा खर्च कसा भागायचा ते त्यात लिहिलंय: बाजारातल्या मालावरच्या करातला वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. गणिताच्या पाठशाळेसाठी तेल्यानं तेल द्यायचं, ही खान्देशातली आठशे वर्षांपूर्वीची व्यवस्था.

मेळाव्यात एक प्रश्नवही फिरायची. ज्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळालं नाही, तो विचारणाऱ्याच्या गावासह तीत लिहायचा आणि पुढच्या वर्षीचा मेळावा त्याच प्रश्नांनी उघडायचा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातच मचूळ का लागतं? कापसाची लाल पडणारी पानं रोगानं पडतात की अन्नद्रव्य कमी पडल्यानं? शाळेत नवा विज्ञान शिक्षक आला की आधी ती वही त्याच्या हातात दिली जायची.