तुम्ही विचारलंत म्हणून: क्लासमध्ये पद्मासन का नाही?

नऊ वर्षं झाली डोंबिवलीत सकाळची बॅच घेतेय आणि दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, मॅडम पद्मासन कधी, शीर्षासन कधी, आणि मग जरा हळू आवाजात, हा योगाच आहे ना की फिजिओथेरपी? एका काकांनी तर फी देताना ऐकवलं, नुसतं खाली बसायचं आणि उठायचं, याचे पैसे? तेव्हा हसून सोडून दिलं. पण आता एकदाच लिहून टाकते, परत कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करेन.

हो, नुसतं खाली बसायचं आणि उठायचं. हात न टेकता आणि "आई गं" न म्हणता उठून दाखवा, मग बोलू. माझ्याकडे पहिली दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं असतं आणि मी विचारते, वजन कुठल्या पायावर जास्त आहे? सगळे म्हणतात दोन्हीवर सारखंच, मग एकेक पाय उचलायला लावला की एका बाजूला लोक झाडासारखे उभे आणि दुसऱ्या बाजूला नुसती लटपट. लोकलच्या गर्दीत वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर बॅग अडकवून उभे राहणारे एक जण त्या दिवशी हसले आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. बादली उचलताना खुब्यातून वाकायचं, उकिडवं बसायचं, असलं सगळं. कमोड आणि डायनिंग टेबल आल्यापासून उकिडवं बसणं गेलंच आपलं.

आणि आसनाला खुर्ची-लोडाचा आधार घेणं हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांना सांगते, लाकडी विटा, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या हे सगळं आपल्या पुण्यातच योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी आसनांसाठी वापरलं, कित्येक दशकं. (मी त्यांच्या परंपरेतली नाही, त्यांचं नाव पुढे करून मला सुटायचं नाहीये.) हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातसुद्धा विपरीतकरणी (डोकं खाली, पाय वर) पहिल्या दिवशी क्षणभरच करा असं लिहिलंय, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. पण खरं सांगू का, मी हे वाचून बदलले नाही. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं.

2018 चा जून, 21 तारखेच्या आधीचा आठवडा. सोसायटीत योग दिनाचा कार्यक्रम, फोटोग्राफर येणार, आणि माझ्या डोक्यात एकच, पहिली रांग पद्मासनात दिसली पाहिजे. त्या रांगेत एक काकू होत्या, 56 वर्षांच्या, एक दिवस क्लास न चुकवणाऱ्या. पाय चढवला त्यांनी पण गुडघा जमिनीपासून चार बोटं वर राहत होता. मी त्यावर तळहात ठेवला आणि दाबला. श्वास सोडा काकू, ढिलं सोडा. त्या म्हणाल्या, आतल्या बाजूला चिमटा बसतोय गं. मी म्हटलं, थोडं होणारच, रोज केलं की मोकळं होतं. आणि अजून दाबला.

अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तसा आवाज आला. फार मोठा नाही. मागच्या रांगेला ऐकूसुद्धा गेला नसेल पण माझ्या तळहाताला तो लागला.

एमआरआय झाला, गुडघ्याच्या आतली गादी फाटली होती. गुडघा हा मुळात उघडमीट करणारा सांधा, गोल फिरायचं काम खुब्याचं, आणि प्रत्येकाच्या खुब्याची खोबण वेगळी, कोणाची खोल, कोणाची जरा पुढे वळलेली. ते हाड आहे, दहा वर्षं स्ट्रेचिंग केलंत तरी वळणार नाही. खुबा फिरला नाही आणि वरून दाबलं की तो पीळ गुडघ्यात जातो. कोर्सच्या परीक्षेत मी हे आकृती काढून लिहिलं होतं, चांगले मार्कही पडले होते. माझ्या हाताखालचा गुडघा त्या आकृतीतलाच आहे हे मात्र डोक्यात आलं नाही.

मोसंबी घेऊन भेटायला गेले तर काकूंनीच सुनेला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाल्या, तुझा काय दोष त्यात, माझंच मेलं शरीर ताठ. मी चहा प्यायले. नाही काकू, चूक माझी होती, हे वाक्य तोंडात होतं आणि मी चहा पिऊन घरी आले. ते बोलायला मला चार महिने लागले. गुडघ्यापेक्षा मला त्या चहाची लाज जास्त वाटते.

तेव्हापासून मी कोणाला हात लावून आसन खोल करत नाही. बॅचमध्ये दोघी आहेत ज्यांचं पद्मासन सहज लागतं, त्या बसतात, मी मनाई केलेली नाही. बाकीचे मांडी घालतात, कोणी लोडावर, कोणी खुर्चीत, आणि चिमटा, ओढ, कळ, मुंग्या यातलं नक्की काय होतंय ते मला शब्दात सांगतात. तो शब्द त्यांना सापडेपर्यंत मी थांबते. हेच माझं शिकवणं, आवडलं तर या.

पण तेव्हाची मी आज भेटली तर गप्प बसणार नाही. रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कार घालणारी बाई होती ती. म्हणेल, तू सेफ शिकवत नाहीस, घाबरून शिकवतेस. एक चोवीस वर्षांची मुलगी कंटाळून माझा क्लास सोडून गेली, आज हातांवर उभी राहते, मनगटं शाबूत, गुडघे शाबूत, तिचे व्हिडिओ मी न चुकता लाइक करते. माझ्याकडे राहिली असती तर कधी हातांवर उभी राहिली असती का, मला नाही वाटत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काकू अजून येतात, खिडकीजवळची खुर्ची त्यांची. मध्ये एकदा स्वतःच खाली सतरंजीवर बसल्या, पाय हातात धरला आणि म्हणाल्या, आज चिमटा नाहीये गं, अर्धं लावून बघू? मी म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू. तीन महिने झाले, मी तेच सांगतेय.