आमची वाटचाल : मूळ वायर न कापता

फैजपुरात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यालगत आमचे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. मोटारसायकलींना एलईडी इंडिकेटर व रनिंग लाइट (गाडी चालू असताना सतत पेटणारे दिवे) बसविणे आणि त्यासाठी लागणारे तयार वायरिंग किट यावल, रावेर, सावदा, चोपडा येथील मेकॅनिकांना पुरविणे हे आज आमचे मुख्य काम असले, तरी दुकानाची सुरुवात बॅटरी चार्जिंग आणि डायनामो-स्टार्टरच्या वाइंडिंगने झाली. वडिलांच्या काळात केळी वाहणारे ट्रक आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेच आमचे गिऱ्हाईक होते. दुचाकी आलीच तर सहा व्होल्टची राजदूत यायची आणि हॉर्न किंवा मागचा दिवा दुरुस्त करून घेऊन जायची.

दुचाकीच्या दिव्यांकडे आम्ही वळलो ते हौशी तरुणांमुळे, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप सुरू राहणे बंधनकारक झाले, आणि त्यानंतर जुन्या गाडीलाही दिवसा दिसणारा पांढरा दिवा हवा अशी मागणी वाढली, हे खरे आहे. परंतु आमचे पहिले नियमित गिऱ्हाईक होते दूधवाले. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकविले किंवा मागे चाऱ्याचा भारा बांधला की कंपनीचे मागचे इंडिकेटर पूर्ण झाकले जातात, आणि पहाटे अंधारात शेतातून डांबरी रस्त्यावर येताना मागच्या ट्रकला ही गाडी कोणत्या बाजूला वळणार याचा पत्ताच लागत नाही. अशा गाड्यांना नंबर प्लेटजवळ किंवा कॅन अडकविण्याच्या कड्यांच्या टोकाला जादा इंडिकेटर बसवून देणे हे काम आमच्याकडे आपसूक आले.

दिवा बसविणे सोपे असते. अडचण फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या छोट्या डबीची, असते. कंपनीच्या इंडिकेटरमध्ये १० वॅटचा एकेक बल्ब असतो, म्हणजे एका बाजूचे दोन बल्ब मिळून २० वॅट होतात आणि फ्लॅशर त्याच भारावर जुळविलेला असतो. त्यांच्या जागी दोन-दोन वॅटचे एलईडी आले की भार इतका घटतो की जुना फ्लॅशर एकतर दिवा नुसता पेटता ठेवतो किंवा बल्ब उडाला असे समजून भराभर मिचकावतो. नियमानुसार इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावयाची असते. बाजारात यावर स्वस्त तोडगा म्हणून १० ओहमचा रेझिस्टर मिळतो. तो दिव्याला समांतर जोडला की भार वाढतो आणि गती जागेवर येते, पण १२ व्होल्टवर त्यात १४ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या मुलुखात तो प्लास्टिकच्या पॅनेलला टेकला तर पॅनेल वितळते. शिवाय एलईडीने वाचविलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, यात आम्हांला कधीच अर्थ दिसला नाही. म्हणून भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच बसवायचा, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल, असे आम्ही ठरविले. काही गेलेही.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे आणि नव्या मेकॅनिकला ती हमखास चकविते. बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच पायलट दिवा, म्हणजे इंडिकेटर चालू असल्याची खूण दाखविणारा छोटा दिवा, असतो. त्याचे एक टोक डाव्या वायरीला आणि दुसरे उजव्या वायरीला जोडलेले असते. डावी बाजू पेटली की करंट पायलटमधून उजव्या बल्बांत शिरून अर्थिंगला जातो. साधा बल्ब तेवढ्या थोड्या करंटवर पेटत नाही, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात येत नाही. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो, म्हणून डावे बटण दाबले तरी चारही दिवे मिचकतात. अशी गाडी घेऊन येणारा बहुधा आधी दोन फ्लॅशर आणि एक स्विच बदलून आलेला असतो. वास्तविक पायलट दोन्ही वायरींपासून सोडवून प्रत्येक बाजूने १एन४००७ हा करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड घालून त्याच्या एका टोकाला आणायचा आणि दुसरे टोक अर्थ करायचे, एवढ्यानेच काम होते. दोन डायोडांची किंमत चहापेक्षाही कमी पडते. आम्ही पैसे घेतो ते मीटर उघडण्याचे.

रनिंग लाइटचे काम आम्ही रिलेशिवाय, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचशिवाय, करीत नाही. ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीवरून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून दिवे, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला चावी फिरविल्यावरच सुरू होणारी वायर, अशी त्याची जोडणी असते. थेट बॅटरीवरून जोडून द्या म्हणणारे गिऱ्हाईक अजूनही येते. त्याला आम्ही हिशेब सांगतो, की सहा वॅटचे दिवे अर्धा अँपिअर खातात आणि तुमची बॅटरी पाच अँपिअर-तासांची आहे, तेव्हा रात्री दिवे चालू राहिले तर सकाळी किकच मारावी लागेल. जुन्या लहान गाड्यांचा हेडलाइट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. त्याच्यावरून एलईडी घेतला तर तो लुकलुकतो, म्हणून डीसीचीच वायर शोधावी लागते. त्याआधी बॅटरीवर मीटर लावून चार्जिंग पाहतो. इंजिन चालू असताना १४.५ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. १६-१७ दिसले तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारे आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) बिघडलेले असते आणि नवे दिवे आठवडाही टिकत नाहीत.

जोडांच्या बाबतीत खान्देशाचे हवामान कोणाला माफ करीत नाही. उन्हाळ्यात काळ्या टेपचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते आणि उघड्या तांब्यावर काळ्या मातीची धूळ बसते. पुढे शेतकरी गाडी धुतो ती विहिरीवरील मोटारीच्या पाइपाखाली, आणि त्या जोरदार धारेने पाणी कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) आत शिरते. त्यामुळे आमच्याकडे टेप फक्त वायरी बांधण्यासाठी वापरली जाते. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर आतून गोंद असलेली, तापविल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह बसवितो आणि कपलर टाकीखाली, तोंड खाली करून ठेवतो. सोल्डर टाळतो, कारण सोल्डर जेथे संपते तेथे वायर ताठ होऊन गाडीच्या कंपनाने तुटते. हँडलच्या मानेपाशी वायरीला सैल वळसा देऊन हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिल्याखेरीज गाडी सोडत नाही.

तयार किटची कल्पना याच कामातून निघाली. कंपनीची वायर कापली की त्या गाडीचा पुढचा प्रत्येक बिघाड आमच्या माथी येणार, हे धाकट्या भावाने बोलून दाखविले आणि प्रचलित मॉडेलांचे नर-मादी कपलर मिळवून मधोमध जोडता येईल असे वायरिंग त्याने तयार केले. मूळ कपलर सोडवायचा, मध्ये आमचा घालायचा. काढायचे झाले तर गाडी जशीच्या तशी. हे किट आता दुकानाच्या माडीवर माझी पत्नी आणि भावजय बनवितात. प्रत्येक किट बॅटरीवर लावून चारही दिवे पाहिल्याशिवाय पिशवीत जात नाही, आणि याबाबत भावजयीची नजर आमच्यापेक्षा कडक आहे.

मागणी सर्वांत जास्त असते ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी गाडी घेतल्यावर आणि चैत्रात सप्तशृंगी गडावरील पदयात्रेच्या आधी. पायी जाणाऱ्यांच्या मागे रात्री सावकाश चालणाऱ्या गाडीला चारही इंडिकेटर एकदम मिचकवणारा स्विच हवा असतो. तो आम्ही दोन डायोड वाढवून किटमध्येच देतो. लाल-निळे चमकणारे दिवे, मागे पांढरा किंवा पुढे लाल रनिंग लाइट मात्र कोणी कितीही सांगितले तरी बसवीत नाही. ‘‘भाऊ, शहरात तर लावून देतात,’’ असे म्हणणाऱ्यास आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवितो.

अलीकडच्या काही गाड्यांत वेगळा फ्लॅशरच नसतो. इंडिकेटर थेट कंट्रोल युनिटवरून चालतात आणि भार कमी झाला की तेच युनिट गती वाढविते. तेथे फ्लॅशर बदलण्याचा मार्ग बंद असल्यामुळे युनिटकडून फक्त इशारा घेऊन दिव्यांना वेगळा पुरवठा देणारे छोटे सर्किट धाकट्या भावाने जुळविले आहे. सध्या ते आमच्या स्वतःच्या गाडीवर लावलेले असून, एक पावसाळा त्याच गाडीवर काढल्याशिवाय ते विक्रीला ठेवायचे नाही, असे ठरले आहे.