दाभोळची फेरी, तीन गाड्या आणि शेवटची रांग

सात माणसांची गाडी घ्यायची म्हटलं की घरात बोलणं होतं ते अ‍ॅव्हरेजचं, सनरूफचं आणि पुढच्या मोठ्या स्क्रीनचं. हे बोलणारे सगळे पुढच्या दोन सीटवर बसणारे असतात. मी लग्न झाल्यापासून शेवटच्या रांगेत बसत आले आहे. मुलांपाशी कुणीतरी मागे हवं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना मागे शिरणं जमत नाही, म्हणून ती जागा आपोआप माझी झाली. गेल्या डिसेंबरात कुलदैवताला, गुहागरच्या व्याडेश्वराला, आमचं सगळं घर तीन गाड्यांतून गेलं. जाता-येता मी तिन्ही गाड्यांत मागे बसले, आणि आता या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे.

आमची २०१९ ची अर्टिगा, सीएनजीवाली. दिरांची कॅरेन्स. आणि सासूबाई, आत्या (माझ्या सासऱ्यांची बहीण) यांच्यासाठी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतलेली इनोव्हा क्रिस्टा. न्यू जर्सीहून आलेल्या नणंदबाई, त्यांचं दोन वर्षांचं बाळ आणि त्या बाळाची गाडीत बांधायची सीटही बरोबर होती.

पुण्यातून निघतानाच अर्टिगाने पहिला धडा दिला. या गाडीची डिकी तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर २०९ लिटरची, म्हणजे मुळातच बेताची. त्यात आमच्या गाडीत तिथे सीएनजीची टाकी बसलेली. ताईंच्या अमेरिकेच्या बॅगा तिथे ठेवण्याचा प्रश्नच आला नाही. एक बॅग इनोव्हात, एक कॅरिअरवर ताडपत्रीखाली, आणि उरलेलं सामान अर्टिगाच्या शेवटच्या सीटवर. रोजच्या पेट्रोलचा खर्च वाचतो म्हणून ही गाडी घेतली, त्याचं मला आजही समाधान आहे. पण सीएनजीची अर्टिगा ही सात माणसांची गाडी आहे किंवा पाच माणसं आणि सामानाची. दोन्ही एकदम होत नाही, हे शोरूममध्ये आधी सांगायला हवं.

ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली. रस्ता कुठे छान, कुठे खणलेला. दापोलीत जेवलो, बरं होतं.

मग दाभोळ. नाताळच्या सुट्टीची गर्दी, जेट्टीवर गाड्यांची लांब रांग, शेजारी ती जुनी शाही मशीद, आणि समोर वाशिष्ठीची खाडी. पलीकडे धोपावे दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून सगळे फेरीबोटीच्या मागे लागतात. बहुतेक प्रवासी जेट्टीवरच उतरून चालत बोटीवर जात होते. आमच्या कॅरेन्समधले आणि अर्टिगातले मोठे सगळे उतरले. इनोव्हातून मात्र आत्या उतरू शकत नव्हत्या. क्रिस्टा ही लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी, फूटबोर्डवर पाय देऊन वर चढावं लागतं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला ते चढणं-उतरणं दोनदा करायला लावणं मलाही नको वाटलं. आत्या थांबल्या म्हणून सासूबाई थांबल्या. मधल्या रांगेत त्या दोघी, तेव्हा मागे मी, माझी आठ वर्षांची लेक आणि पुतण्या आपोआप आतच राहिलो.

बोटीवर गाड्या लावतात त्या अगदी खेटून. आरसे मिटवून घ्यायला सांगतात. क्रिस्टा १८३० मिलिमीटर रुंद, शेजारी तशीच एक रुंद एसयूव्ही. दार उघडून पाहिलं तर वीतभर उघडलं. मागे दुसऱ्या गाडीचं नाक चिकटलेलं, म्हणजे डिकीचं दारही वर जाईना. इंजिन बंद करायला सांगितलं, एसी बंद झाला.

पुढच्या आणि मधल्या काचा खाली झाल्या. मागची काच उघडतच नाही. ती या तिन्ही गाड्यांत बंदच असते, आणि आजवर कुणी मला गाडी दाखवताना ही गोष्ट आपणहून सांगितलेली नाही. माझ्या लेकीला गाडी लागते. ताम्हिणीत आलेपाकावर कसंबसं निभावलं होतं. आता दुपारचं ऊन, बोटीचा डिझेलचा वास, पायाखाली हेलकावे आणि समोर न उघडणारी काच. तिचा चेहरा पांढरा पडत चालला. “आई, मला बाहेर काढ,” एवढंच ती हळू आवाजात म्हणत होती. मी तिला बाहेर काढू शकत नव्हते. तिच्या वडिलांना मी समोर कठड्याशी उभं असलेलं पाहत होते, हाक मारत होते, आणि बोटीच्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

आत्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “तिला इकडे दे गं.” या गाडीत मधे सलग बाक नव्हता, दोन सुट्या कॅप्टन सीट होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक पोर आडवं होऊन सरकेल एवढी फट होती. मी तिच्या चपला काढल्या, ती त्या फटीतून पुढे गेली आणि आत्यांच्या मांडीवर बसून उघड्या खिडकीत तोंड घालून तिने श्वास घेतला. आत्यांचा तो गुडघा दुखत असणारच. धोपाव्याला बोट लागेपर्यंत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, लिंबू हुंगायला देत राहिल्या. ड्रायव्हरकाकांनी आपली पाण्याची बाटली मागे दिली. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण तेवढा वेळ मला कधीच विसरता येणार नाही.

कठड्याशी उभ्या असलेल्यांनी फोटो मात्र फार सुंदर काढले होते.

आमची अर्टिगा मागेच उभी होती. तिच्यात मधे सलग बाक आहे, म्हणजे तिथे लेक शेवटच्या रांगेत असती तर तिला मधून पुढे घ्यायला वाटच नव्हती. दिरांची कॅरेन्सही सलग बाकाचीच. कॅरेन्स सहा सीटचीही आली होती, मारुतीचीच एक्सएल६ २०१९ पासून कॅप्टन सीट घेऊन आली आहे. एक माणूस कमी बसतो म्हणून लोक नाक मुरडतात. मी आता नाही मुरडणार.

गुहागरात अभिषेक, दुर्गादेवी, समुद्र, उकडीचे मोदक. खूप छान गेले ते दिवस.

एका संध्याकाळी ओसरीवर विषय निघाला तेव्हा ताईंनी त्यांच्या टोयोटा सिएनाबद्दल सांगितलं. अमेरिकेत मिनीव्हॅन म्हणतात ती ही. तिची मागची दोन्ही दारं सरकती, बटण दाबलं की मागे जातात. शेजारी गाडी खेटून असली तरी माणूस उतरतो. तिकडे १९८४ च्या मॉडेलपासून क्रायस्लरने ही व्हॅन आणली आणि घरच्या माणसांसाठी गाडी म्हणजे सरकतं दार असंच ठरून गेलं. होंडाच्या ओडिसीत तर मधल्या सीट आडव्याही सरकतात, म्हणजे बाळाची सीट न सोडवता बाजूने मागे जाता येतं. हे ऐकून मला फार वाटलं, कारण सरकतं दार आपल्याकडे नव्हतं असं नाही. मारुती ओम्नीला १९८४ पासून २०१९ पर्यंत होतं, ईकोला आजही आहे. पण आज घरच्यांच्या ऐसपैस गाडीत ते हवं असेल तर किआ कार्निव्हलसारखी महागडी गाडी घ्यावी लागते, आणि कार्निव्हल २०२४ मध्ये आली ती ६३ लाख ९० हजारांना. सिएना आपल्या घाटात वळवायची कशी हा प्रश्न आहेच, सव्वापाच मीटरच्या आसपास लांबी तिची. मला ती गाडी नको. मला तिचं दार हवं आहे.

येताना चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलो तेव्हा मी कॅरेन्समध्ये मागे होते. बसायला तिन्हींत हीच बरी. २७८० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), इनोव्हा क्रिस्टापेक्षाही जास्त, आणि तो पायांना जाणवतो. मागच्या रांगेला छतात स्वतंत्र एसी. आमच्या अर्टिगात मधल्या रांगेची हवा उरली तर मागे येते. कॅरेन्सची मधली डावी सीट बटणावर उलटून पुढे जाते, ही दिरांची अभिमानाची गोष्ट. पण त्याच सीटवर बाळाची सीट बांधलेली होती, त्यामुळे ते बटण पूर्ण प्रवासात एकदाही उपयोगी पडलं नाही. पाटणला चहाला थांबलो तेव्हा बाळ झोपलेलं, म्हणून मी आतच बसून काचेतून कप घेतला, तोही मधल्या काचेतून. दिरांनी विकत घेताना सहा एअरबॅग पाहिल्या होत्या, त्या २०२२ पासून तिच्या प्रत्येक मॉडेलला आहेत आणि ते त्यांनी उत्तम केलं. मागे कोण, कसं, किती वेळा चढणार-उतरणार, हे बघायला त्यांच्याबरोबर त्या दिवशी कुणी बाई गेली नव्हती.

क्रिस्टाबद्दल ड्रायव्हरकाका भरभरून बोलले. लाखांवर किलोमीटर झाले, इंजिनाला हात लावला नाही. मला ते पटतं, भाड्याच्या धंद्यात ती उगाच टिकलेली नाही. पण शेवटची रांग मागच्या चाकांवर येते, आणि दापोलीच्या खड्ड्यांत प्रत्येक दणका कण्यातून डोक्यापर्यंत गेला. मधल्या कॅप्टन सीटवर बसलेल्यांना तो दणका कळतही नव्हता. एकाच गाडीत दोन वेगळे प्रवास चालले होते.

कराडच्या पुढे हायवेला मी आमच्या अर्टिगात आले. नारळ आणि सुपारीची पोती पायाशी, गुडघे छातीशी, तरी तीच मला हलकी आणि घरची वाटली. ती विकायची घाई नाही.

पुढची गाडी कधीतरी घ्यायची आहे आणि नवऱ्याच्या मनात इनोव्हाचीच नवी हायक्रॉस आहे. फ्रेमवरची नाही, त्यामुळे क्रिस्टाइतकं वर चढावं लागत नाही, हे आत्यांच्या दृष्टीने चांगलं. किंमत मात्र ती आली तेव्हाच १८ लाख ३० हजारांपासून सुरू झाली होती. मी एवढंच सांगितलं आहे की शोरूमला आत्या, लेक आणि मी येणार. मधे कॅप्टन सीट असलेलीच गाडी बघायची, एका सीटवर बाळाची सीट ठेवून बघायचं, आणि इंजिन बंद, दारं बंद करून पाव तास त्यांनी स्वतः माझ्याबरोबर मागे बसायचं. टेस्ट ड्राइव्ह त्यानंतर. ते हो म्हणाले आहेत.