परत आलेल्यांचा ढीग

परवा दुपारी वाचनालयात गेले तर सगळ्या कपाटांना कुलपं आणि दारापासूनच औषधाचा उग्र वास. "काकू, काल वाळवीची फवारणी झालीय. आज कपाटं उघडायची नाहीत," देवघेवीवरची मुलगी म्हणाली. मला वाईट वाटलं असेल असं समजून तिने टेबलाच्या कडेचा ढीग माझ्याकडे सरकवला. "ही सकाळपासून परत आलेली. यातलं काही चालणार असेल तर बघा."

चालणार असेल तर! अगं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी यातलंच बघत आलेय. कपाटांपाशी मी जाते ती लोकलज्जेस्तव. दोन-चार पुस्तकांच्या पाठी वाचल्यासारखं करते, एखादं अर्धवट ओढून परत ढकलते, आणि सहज आल्यासारखी टेबलापाशी येते. परवा ते नाटक करायची गरज उरली नाही. चक्क खुर्ची ओढून बसले.

सगळ्यात वर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, पुठ्ठा सुटलेली. खाली मधुमेह्यांचा आहार. मग कुणा क्रिकेटपटूचं अनुवादित आत्मचरित्र, कुक्कुटपालन, एक गूढकथासंग्रह, एक गझलसंग्रह. गझलसंग्रह कोरा करकरीत, तारखेच्या चिठ्ठीवर एकच शिक्का. तळाशी विषारी आणि बिनविषारी साप. कुक्कुटपालन आणि गझल एकाच माणसाने परत केलं असावं अशी माझी फार इच्छा होती. पण आमच्याकडे सभासदाला एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, त्यामुळे ते शक्य नाही. नवरा-बायकोची दोन खाती असतील तर मात्र शक्य आहे. मग कोंबड्या कुणाच्या आणि गझल कुणाची, यावर माझी दहा मिनिटं छान गेली.

पुस्तक निवडायचं म्हणजे काय करायचं, हे मला खरोखर येत नाही. लोक परीक्षणं वाचतात, याद्या करतात, कुणी सुचवलेलं फोनमध्ये टिपून ठेवतात. मीही टिपते, पण वाचनालयात फोन उघडला की कुणाचे तरी चार निरोप येऊन पडलेले असतात आणि यादी राहून जाते. फोनवरच्या दुकानातून एकदा भाचीच्या मुलासाठी शब्दकोश मागवला होता. तेव्हापासून ते दुकान मला शब्दकोशच दाखवतंय. इंग्रजी-मराठी, मराठी-हिंदी, मराठी-कन्नड. एक घेतला म्हणजे बाईला आता जन्मभर हेच लागणार, असा त्याचा ग्रह झालेला दिसतो.

माझं हे खूळ सांगलीचं. गावभागात आमच्या वाड्यापासून चार मिनिटांवर एक लहानसं वाचनालय होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. कपाटं आतल्या खोलीत आणि आत जायची परवानगी कुणालाच नाही. बाहेरच्या टेबलावर लांबट याद्यांच्या वह्या असायच्या. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, आरोग्य, आणि सगळ्यात शेवटी संकीर्ण. वहीतून क्रमांक काढायचे, चिठ्ठीवर पाच-सहा लिहायचे, चिठ्ठी काकांकडे द्यायची. काका आत जायचे, पुष्कळ वेळाने यायचे आणि म्हणायचे, "सगळी बाहेर आहेत."

माझी चिठ्ठी कोरीच असायची, कारण आईचा निरोप ठरलेला. "काहीही आण. फक्त रडकं नको." तो निरोप मी जसाच्या तसा काकांना सांगायची. मग ते उठायचे नाहीत. बसल्या जागेवरून डावा हात परत आलेल्या ढिगात घालायचे आणि जे हाताला लागेल ते काढून, दाखल क्रमांक वहीत चढवून, शिक्का मारून द्यायचे. रडकं आहे की नाही याची खात्री म्हणून शेवटचं पान तेवढं बघायचे. त्यात कुणी मेलेलं नसलं की पुस्तक माझ्या पिशवीत.

त्यामुळे आमच्या घरी काय यायचं याला धरबंध नव्हता. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा यायच्या. त्या गृहस्थांनी हजारावर लिहिल्या, आणि आमच्या वाचनालयातल्या निम्म्यांची शेवटची पानं गायब होती. खुनी कोण ते आई पोळ्या लाटताना ठरवून टाकायची, आणि मला ते अजून तसंच आठवतं. कुणाकुणाची चरित्रं यायची. भारतीय घटनेची ओळख आलं होतं. शिवणकाम आलं होतं, आणि त्यातला आराखडा आधीच्या वाचिकेने कात्रीने कापून नेलेला होता. एकदा मधमाशापालन आलं. ते तर आईने दोनदा वाचलं. दुपारी जेवणं झाली की ती माजघरात भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची. हातात काही का असेना, तिचा चेहरा एकच असायचा, पुढे काय होतंय याचा. मधमाशांच्या वेळी मी विचारलं, "काय वाचतेस एवढं?" तर म्हणाली, "थांब गं, पोळ्यात दुसरी राणी निघालीय."

ललित आणि ललितेतर हा भेद मी शाळेत शिकले. घरी तो नव्हताच.

आईची दोन वैशिष्ट्यं वाचनालयात माहीत होती. एक म्हणजे हळदीचे डाग. "आईला सांग, पुस्तकाला फोडणी घालू नका म्हणावं," असं काका दर महिन्याला एकदा तरी बजावायचे. दुसरं मात्र फक्त मला माहीत होतं. वाचून झालं की ती एक्कावन्नाव्या पानावर, आकड्याच्या खाली, पेन्सिलीने बारीकसं टिंब द्यायची. पुन्हा तेच पुस्तक आलं तर कळावं म्हणून. एक्कावन्नच का, तर म्हणे शुभ. अशा खुणा करणाऱ्या पुष्कळजणी असाव्यात. कुठे आकड्याभोवती गोल, कुठे कोपऱ्यात फुली. एका पुस्तकात मला एकाच पानावर चार निरनिराळ्या खुणा सापडल्या होत्या. त्या चौघी रस्त्यात एकमेकींना भेटत असतील, नमस्कार-चमत्कार होत असतील, आणि चौघींनीही एकच खून वाचलाय हे एकीलाही ठाऊक नसेल.

तेरा-चौदा वर्षांची असताना काकांनी त्याच डाव्या हाताने मला एक खाकी बाइंडिंगचं पुस्तक काढून दिलं. पाठीवर बाइंडरच्या अक्षरात 'माझा प्रवास – गोडसे'. कुणीतरी गोडसे काश्मीरला जाऊन आले असतील, शिकारे, केशर, असं समजून मी ते नाखुशीनेच घरी आणलं. निघालं भलतंच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हे झाशीतच. मिळवलेलं लुटलं गेलं, आणि घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, तेव्हा ते हयात नव्हते. मी दोन दिवस शाळेला दांडी मारून ते वाचलं. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं, आणि झाशीच्या पानांवर ते खरंच दुखायला लागलं. वाचनालयाच्या वहीत हे पुस्तक प्रवासवर्णनात होतं, युरोपच्या सहलींच्या शेजारी. चूक म्हणता येणार नाही. माणूस प्रवासालाच गेला होता.

मी यादी करून गेले असते तर ते मला कधीच मिळालं नसतं. चिठ्ठीवर मी त्या वयात काय लिहिलं असतं ते मला पक्कं माहीत आहे, आणि ते इथे सांगणार नाही.

ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन हे मोठं नाव. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. माझी एक मैत्रीण ग्रंथपाल होती, तिच्या टेबलामागे ते चौकटीत लावलेले असायचे. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. थोर माणूस, वादच नाही. पण चौथ्या नियमापाशी माझं त्यांच्याशी पटत नाही. माझा वेळ कशाला वाचवता? वेळ घालवायलाच तर मी आलेय. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्यासारख्या दहाजणी आल्या की टेबलापाशी रांग लागते, तो नियम त्या रांगेसाठी आहे." असेल.

संकीर्ण या शब्दावर मात्र माझा जीव आहे. कपाटं लावणाऱ्याने हात टेकले की जन्माला येतो तो विभाग. पंचांग कसं वाचावं, पत्त्यांचे खेळ, हस्ताक्षर सुधारा, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी स्वखर्चाने छापलेल्या आठवणी. त्या पोस्टमास्तरांना खरं तर चरित्रात जागा द्यायला हवी होती. पण तिथे बहुधा पुढारी आधीच बसलेले असणार. परत आलेल्यांच्या ढिगात ते सगळे सारखेच. पोस्टमास्तरांवर कादंबरी, कादंबरीवर मूळव्याधीचे उपचार. शिवाय या ढिगातलं प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी घरी आठवडाभर राहून आलेलं. कुणाच्या उशीखाली, कुणाच्या देवघराशेजारी. एकदा एका निबंधसंग्रहात उदबत्तीचं पाकीट खुणेला ठेवलेलं सापडलं, आणि ते निबंध मला अजून मोगऱ्याच्या वासाचेच वाटतात.

हे सगळं त्या फवारणीच्या वासात बसून आठवत होते, आणि वासावरून दुसराच एक वास आठवला.

ऑगस्ट २०१९. सांगलीत पूर फुटांत मोजतात. माणसं एकमेकांना विचारतात ते "आयर्विनला किती?" एवढंच, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आई तोवर विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली होती, तिथे पाणी आलं नाही. पण गावभाग बुडाला. मी पुण्याहून फोनवर आकडे ऐकत होते आणि आई प्रत्येक आकड्यानंतर तिच्या मनाशी काहीतरी मोजत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे वरचा कप्पासुद्धा."

रस्ता सुरू झाल्यावर मी गेले. वाचनालयातली पुस्तकं लोखंडी कपाटांतून निघेनात. भिजून, फुगून एकमेकांत अशी घट्ट बसली होती की पोरं पहारीने काढत होती. निघत होता तो लगदा. चरित्र कुठलं, नाटक कुठलं, काही नाही. ट्रॉल्या भरून गेला. याद्यांच्या वह्याही त्यातच. वास कित्येक दिवस नाकातून गेला नाही.

काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने सभासदांना फोन केले, निदान ज्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये होते त्यांना. ज्यांच्या घरी वाचनालयाचं पुस्तक असेल त्यांनी कृपा करून आणून द्यावं. आईकडे एक होतं, मुदत टळून दोन महिने झालेलं. रिक्षाने गेलो आम्ही. ओल्या भिंतींच्या त्या खोलीत एक मागून आणलेलं टेबल आणि त्यावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. चाळीसेक असतील. आता वाचनालयात तेवढीच पुस्तकं होती. वेळेवर परत करणाऱ्यांची सगळी पाण्यात गेली होती. वाचली ती विसरलेल्यांच्या, आजारी पडलेल्यांच्या, आळशांच्या घरची. दोन-तीन कादंबऱ्या, बाराखडीचं एक पुस्तक, गुडघेदुखी, एक नाटक, कुणाचं तरी चरित्र.

आईने आपलं पुस्तक त्यावर ठेवलं. मग सवयीने एकेक उचलून एक्कावन्नावं पान उघडायला लागली. "वाचलंय. वाचलंय. हे नाही." वर बघून त्या मुलाला म्हणाली, "दंड किती झाला बाबा?"

"अहो आजी, दंड कसला? पावतीपुस्तकही राहिलं नाही."

"मग वहीत लिही."

त्याने पिशवीतून कोरी शंभर पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि आईचं नाव लिहून पुढे आकडा मांडला. अठरा रुपये.