वाई ते मेणवली नदीकाठाने : पायवाट आहे असे कोणी सांगितले तर ऐकू नका

वाईच्या गणपती घाटापासून मेणवलीपर्यंत कृष्णेच्या काठाने सलग पायवाट आहे आणि रमतगमत गेले तरी पाऊण तास पुरतो, असे ज्या मित्राने मला छातीठोकपणे सांगितले, तो स्वतः त्या वाटेने कधीच गेलेला नाही, हे मला परत आल्यावर त्याच्याच तोंडून कळले. मला दोन तास पन्नास मिनिटे लागली, आणि त्यांतली निम्मी चिखलात गेली. रस्त्याने हेच अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे.

जाण्याचा हेतू साधा होता. वाईला येणारा प्रत्येक कॅमेरा ढोल्या गणपतीच्या शिखराकडे वळतो आणि मेणवलीला येणारा प्रत्येक कॅमेरा घंटेकडे. या दोन्हींच्या मधले, पायाखालचे, कोणी ढुंकूनही न पाहिलेले असे काही टिपावे म्हणून मी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी स्वारगेटहून पहिली एसटी पकडली. पुणे-वाई प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, सुरूर फाट्याला गाडी वळली की उठून बसावे एवढेच.

घाटावर मात्र वेळ द्या. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. ही गोष्ट सगळे एकमेकांना सांगतात, पण त्या निमुळत्या टोकाशी खाली वाकून कोणी पाहत नाही. चिऱ्यांच्या सांध्यांत गेल्या पावसाळ्यातले वाळलेले गवत अजून अडकलेले होते, आणि सगळ्या काड्या एकाच दिशेला वळलेल्या होत्या. पाणी कुठून आले आणि कुठे गेले, हे त्या काड्यांइतके स्वच्छ कोणत्याही शिखराच्या फोटोत दिसणार नाही.

त्याहून चांगला विषय धुण्याच्या पायऱ्यांवर मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या कपडे आपटून एका ठिकाणी दगड ताटलीसारखा खोलगट झाला आहे. पावणेआठच्या सुमारास त्या खळग्यात वीतभर साबणाचे पाणी साचले होते आणि फेसाच्या कडेला निळीचा एक डाग चिकटून बसला होता. थोडे उजवीकडे सरकले असते तर त्या पाण्यात शिखराचे प्रतिबिंब आले असते, पण ते मी मुद्दाम टाळले, कारण मग तो पुन्हा शिखराचाच फोटो झाला असता. शेजारी धुणे धूत असलेल्या मावशींनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि शेवटी विचारले, ‘देऊळ तिकडं आहे, दगडाचा कसला फोटो काढताय?’ मी त्यांना मागच्या पडद्यावर तो निळा डाग दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मग थांबा, चादर पिळते. तोंड नका घेऊ, हात घ्या.’ त्या दिवसातले पहिले उत्तम छायाचित्र हे असे मिळाले. घाटावर माणसे आपापल्या कामाला आलेली असतात. त्यामुळे आधी बोला, मगच कॅमेरा वर करा.

काळ्या दगडाबाबत एक सूचना. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर हा दगड करडा करून टाकते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन तृतीयांश स्टॉप खाली उतरवा. ऊन चढल्यावर पायऱ्यांवरचे सगळे बारकावे पुसले जातात, तेव्हा साडेनऊनंतर घाटावर थांबण्यात अर्थ नाही. पोलरायझर फिल्टर ओल्या दगडाची चमक मारतो आणि इथे ती चमकच हवी असते, म्हणून तो घरी ठेवा. ट्रायपॉड तर नकोच. गुडघे टेकायला एखादे गोणपाट मात्र न्या, कारण पायऱ्या थंड आणि निसरड्या असतात. धरणातून नदीत पाणी सोडलेले असेल तर खालच्या पायऱ्या बुडतात आणि या साऱ्या उठाठेवीला अर्थ उरत नाही, म्हणून आदल्या दिवशी वाईतल्या कोणाला तरी विचारून घ्यावे. माघ-फाल्गुनात वाईच्या सातही घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो. उत्सव पाहायचा असेल तर तेव्हा जरूर जा, पण मोकळी पायरी हवी असेल तर त्या दिवसांत मुळीच जाऊ नका.

आता त्या तथाकथित पायवाटेविषयी. वस्ती संपली की काठापर्यंत ऊस येतो, आणि उसाचे पाते दंडावर काय करते हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. जिथे बांध आहे तिथे बांधावरून जाता येते, पण बांध नदीला धरून जात नाहीत, ते ज्याच्या त्याच्या शेताला धरून जातात. परिणामी मी तीनदा नदीपासून दूर गेलो, दोनदा तोच बांध मागे तुडवला, आणि एका वस्तीवरच्या दोन कुत्र्यांनी मला तिसऱ्या, अगदीच नको असलेल्या दिशेला नेऊन सोडले. सगळ्यात वाईट जागा म्हणजे नदीला मिळणारा एक ओढा. वरून कोरडा दिसणारा, तडे गेलेला काळा गाळ होता, म्हणून मी निःशंक पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. कॅमेऱ्याची पिशवी डोक्यावर धरून तो दहा पावलांचा ओढा ओलांडायला मला वीस मिनिटे लागली, आणि उजव्या पायातला बूट परत मिळवण्यासाठी कोपरापर्यंत हात घालावा लागला. ज्यांना सह्याद्रीतल्या वाटांची सवय आहे त्यांनाही मी हेच सांगेन की हा टप्पा अवघड नाही, निव्वळ निरर्थक आहे.

मेणवलीला पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चंद्रकोरीसारखा घाट सुंदर आहे, यात वाद नाही. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर आणलेली, बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असलेली घंटा तिथे आहे, पण तिच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या दोन जोडप्यांची रांग होती. मी पाण्याच्या कडेला बसून पायऱ्यांवरचे तीन पट्टे टिपले : खाली हिरवे शेवाळ, मध्ये तपकिरी, वर क्षारांचा पांढरा. नाना फडणविसांचा वाडा मी धड पाहिलाच नाही. दोष वाड्याचा नाही, चिखलाने जड झालेल्या पायांचा आहे.

परतीला एका रिक्षावाल्याने तीन किलोमीटरचे तीनशे रुपये सांगितले. कारण विचारल्यावर ‘शूटिंगवाले पाचशे देतात’ असे उत्तर मिळाले. घासाघीस करून मी अडीचशे दिले आणि वाईच्या स्टँडवर उतरेपर्यंत स्वतःवर चरफडत राहिलो. परतीची रिक्षा सकाळी वाईतच ठरवून ठेवा, नाहीतर सरळ रस्त्याने चालत या.

एक कबुली द्यावी लागेल. त्या दिवसातले सर्वांत चांगले छायाचित्र त्याच भिकार टप्प्यात मिळाले. काठावर शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी ओळीने बसवलेल्या आहेत, पोत्यात गुंडाळलेल्या, तारेने बाभळीला बांधलेल्या स्टार्टरच्या पेट्यांसह. एका पाइपाचे टोक दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढून ठेवले होते. त्याच्या जाळीत शिंपले, केस, निर्माल्याची झेंडूची फुले आणि एका मूर्तीचा बोटभर हात अडकला होता. हे काय, असे मी जवळच्या आजोबांना विचारले. ‘फुटबॉल हाय त्यो,’ ते म्हणाले, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, आणि त्याची झडप दाबून दाखवली. नंतर त्यांनीच सांगितले की मोटारींपर्यंत बैलगाडीची वाट डांबरी रस्त्यावरून सरळ खाली येते. तुम्ही तिनेच या. मेणवलीच्या अलीकडे कोणत्याही शेतकऱ्याला मोटारीकडे जायची वाट विचारलीत की तो दाखवेल, दहा मिनिटांत काठावर पोहोचाल, आणि बूटही पायातच राहतील.