जाई पलंगाखाली गेली

जाई ही मी एका शेडमधून सोडवून आणलेली, आजारातून बरी केलेली आणि वाईच्या काका-काकूंना दत्तक दिलेली कुत्री. काल मी तिला भेटायला गेले. ती मला पाहून पलंगाखाली गेली, ही गोष्ट काल रात्री आईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितली नाही. "कशी आहे गं ती आता?" असे तिने विचारले आणि मी म्हणाले, "छान आहे, अंगावर केस आलेत, वजनही भरलंय." हे सगळे खरेच होते, पण फोन ठेवल्यानंतर मला झोप लागली नाही. आज दिवसभर कामातही लक्ष नव्हते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

काल सकाळी निघताना मी रताळी उकडून डब्यात घेतली होती. ऑपरेशननंतर जाई काहीच खात नव्हती, तेव्हा रताळ्यानेच तिचे तोंड पहिल्यांदा उघडले होते, त्यामुळे वाईला जायचे आणि रताळी न्यायची नाहीत हे मला शक्यच नव्हते. खंबाटकीचा घाट चढताना आणि सुरूर फाट्यावर वळताना मनात एकच चित्र होते: काकू दार उघडतील, जाई क्षणभर थबकेल, वास घेईल आणि मग माझ्या अंगावर धावून येईल. काकूंनी दार उघडले. जाई समोरच्या खोलीत फरशीवर पसरली होती. मी नाव घेताच तिने मान वर केली आणि नाक हवेत धरले. तिचे कान मागे गेले, शेपटी खाली गेली, एकदाच हलली, आणि ती उठून सरळ आतल्या खोलीत पलंगाखाली गेली.

"तिला अजून पाहुण्यांची सवय नाही हो," असे काका म्हणाले. ते त्यांच्या चांगुलपणाने म्हणाले, कारण पाचच मिनिटांपूर्वी त्यांचा दूधवाला येऊन गेला होता आणि जाई त्याच्या हाताला चाटत फाटकापर्यंत गेली होती, हे मी गाडी लावताना पाहिले होते. ती पाहुण्यांना घाबरत नव्हती. तिने मला ओळखले नाही असेही नव्हते, आणि मला लागलेली गोष्ट नेमकी हीच आहे. ओळखले नसते तर मी मनाची समजूत घातली असती. तिने मला ओळखले, आणि ओळखले म्हणूनच ती लपली.

काल परतताना मला स्वतःची फार कीव आली. ज्या रात्री तिच्या प्लेटलेट्स उतरल्या होत्या आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसत होत्या, त्या रात्री तिच्याजवळ बसून कोण होते, असा हिशेब मी मनातल्या मनात मांडत होते. असा हिशेब मांडणे मला आवडत नाही.  पण मनाला कोण आवरणार?

जाई आली ती शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमधून. तिथे लॅब्रेडॉर आणि इतर जातींच्या माद्या पिल्लांसाठी ठेवलेल्या होत्या. २०१७ च्या नियमांनुसार असा व्यवसाय करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्ले द्यायला लावता येत नाही, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्या शेडमध्ये यातल्या कशाचाही मागमूस नव्हता. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या मूळ कायद्यातील अकराव्या कलमात आखूड साखळीने बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी न देणे, सोडून देणे हे सगळे गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे, आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच राहिला आहे. "घेऊन जा, आता हिचा काही उपयोग नाही," असे तो माणूस म्हणाला. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांना हा आजार बऱ्याचदा होतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मादी सहसा जगत नाही. जाई तर अनेकदा व्यालेली होती, शिवाय तिला गोचीड ताप होता. सिमेंटवर वर्षानुवर्षे झोपून कोपरांवर घट्टे पडलेले होते, नखे वळून पंजात रुतायला आली होती आणि पिंजऱ्याची जाळी चावून पुढचे दात झिजून गेले होते.

मला आज सारखे आठवते आहे ते मात्र तिचे दुखणे नव्हे, तर ती शेडमधून बाहेर कशी आली ते. मी गळ्यात दोरी अडकवली आणि ती चालू लागली. तिने ना मागे वळून पाहिले, ना पाय रोवले, गाडीत चढवतानाही अंग आखडले नाही. बरोबरच्या ताई म्हणाल्या, "बघा, कसा लगेच विश्वास टाकला तुमच्यावर." ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात जपून ठेवले होते. दवाखान्यातही ती तशीच वागली. ज्याच्या हातात दोरी असेल त्याच्यामागे ती निघायची. कंपाउंडरने ओढली तरी जायची, ओपीडीत बसलेल्या परक्या माणसाच्या पायाशीही बसायची. घरी मी तिच्यासाठी गादी घातली, तर ती गादी सोडून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊन झोपली, कारण चार भिंतींची तेवढीच जागा तिच्या ओळखीची होती. तिला जिना माहीत नव्हता, गवत माहीत नव्हते, छताला फिरणारा पंखा माहीत नव्हता. आणि माझ्याकडे होती तोवर ती एकदाही भुंकली नाही. दारावरची बेल वाजो, मांजर येवो, खाली फटाके वाजोत, जाईचा आवाज कसा आहे हे मला ठाऊकच नव्हते.

घर शोधताना जे व्हायचे तेच झाले. वय ऐकले की लोक फोन आवरता घेत. "पिल्लू नाही का एखादं?" हा प्रश्न तर ठरलेलाच. एका गृहस्थांनी तिला अजून एकदा पिल्ले होतील का असे विचारले, तेव्हा नसबंदी झालेली आहे हे सांगताना मला जे समाधान वाटले ते इथे नोंदवून ठेवते. वाईच्या काका-काकूंनी यातले काहीच विचारले नाही. ती किती वाजता जेवते, कशाला दचकते, तिला एकटीला झोपायची सवय आहे का, एवढेच त्यांना हवे होते. मी घर पाहायला गेले तेव्हा काकांनी फाटकाखालची फट फळी ठोकून आधीच बुजवलेली होती. मी त्यांना त्याच दिवशी होकार दिला. जाईला सोडायला मीच गेले, त्याच गाडीतून.

ती गाडी काल फाटकासमोर उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर अजून जुनी चादर आहे. ती गाडी म्हणजे जाईला काय ठाऊक आहे, याचा विचार मी काल रात्री पहिल्यांदा नीट केला. त्या गाडीत बसून ती शेडमधून दवाखान्यात गेली, दवाखान्यातून माझ्या घरी आली, आणि मग एका सकाळी वाईला गेली. प्रत्येक वेळी दार उघडले तेव्हा आदल्या दिवशीचे जग संपलेले होते. चालवणारी बाई मात्र प्रत्येक वेळी तीच होती. मग त्या बाईला दारात उभी पाहून तिने दुसरे काय समजायचे?

हे बुद्धीला पटते, पण तेवढ्याने लागलेले मिटत नाही. मला अजूनही वाटते की ताप उतरवणारे हात तिच्या आठवणीत कुठेतरी असायला हवेत. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवून त्यांच्या मेंदूचा अभ्यास झाला आहे. त्यात ओळखीच्या माणसाचा, परक्या माणसाचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा असे वेगवेगळे वास दिले, तेव्हा काहीतरी चांगले मिळण्याच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग ओळखीच्या माणसाच्या वासाला सर्वांत जास्त प्रतिसाद देत होता. हे वाचून मला पूर्वी बरे वाटायचे. डार्विनची हकिगत तर त्याहून जुनी आहे. बीगल जहाजावरच्या प्रवासानंतर, पाच वर्षे आणि दोन दिवसांनी, त्याने घरच्या कुत्र्याची परीक्षा घेतली. तबेल्याजवळ जाऊन त्याने जुन्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने आनंद दाखवला नाही. तो नुसता बाहेर आला आणि अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाल्यासारखा त्याच्यामागे फिरायला निघाला. काल मी याच हकिगतीवर अडून बसले. डार्विनचा कुत्रा मागे निघाला आणि माझी जाई पलंगाखाली गेली. पण तो कुत्रा त्याच घरात राहत होता आणि फिरून पुन्हा तिथेच येणार होता. माझ्यामागे निघालेली जाई मात्र कधीच होती त्या ठिकाणी परत गेलेली नाही.

अजून एक गोष्ट आहे, जी मी आईला तर नाहीच, पण घरीही कुणाला सांगितलेली नाही. काकूंनी खूप आर्जवे केल्यावर ती बाहेर आली आणि त्यांच्या पायांवर, अगदी पायांवरच, बसली. माझ्या हातातले रताळे तिने हुंगले आणि तोंड फिरवले. तोच तुकडा काकूंनी हातात घेतल्यावर खाल्ला. मी निघाले तेव्हा ती काकूंच्या मागोमाग फाटकापर्यंत आली, आणि मी गाडी सुरू करताच भुंकली. एकदा नव्हे, मी वळणाआड जाईपर्यंत ती भुंकत होती. खोल, भरदार आवाज आहे तिचा. इतके दिवस मी ज्या आवाजाची वाट पाहिली तो मला ऐकायला मिळाला, आणि तो माझ्यावर भुंकण्याचा होता.

आज दुपारी आमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी आली होती. नोव्हेंबर २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलायची आणि तिथे परत सोडायची नाहीत असे ठरल्यामुळे, कुठलीही गाडी दिसली की खाऊ घालणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून मी खाली उतरून विचारले. ही गाडी नेहमीचीच होती. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, कानाला खूण करून जिथून उचलले तिथेच सोडणारी. जाळे धरणाऱ्या दादांना मी बरीच वर्षे ओळखते. गाडीचा आवाज आला की अर्ध्या वस्तीतली कुत्री त्यांच्यावर भुंकत सुटतात, आणि ज्यांना त्यांनीच लस टोचून आणलेली असते ती सर्वांत जास्त भुंकतात. मी त्यांना कालचे सांगितले, का ते मलाही कळले नाही. ते म्हणाले, "मॅडम, मला तर रोजच शिव्या देतात. पण सोडताना दार उघडलं ना, की एकसुद्धा मागं वळून बघत नाही. तीरासारखी आपल्या गल्लीत पळतात. तेवढं बघायला मी दोन मिनिटं थांबतो."

त्यांचे बोलणे ऐकून मी वर आले आणि शेडमधली जाई पुन्हा डोळ्यांसमोर आणली. तीही मागे वळली नव्हती. पण ती पळाली नव्हती, दोरीमागे चालली होती. तिला जायला कुठे नव्हतेच, म्हणून ती कुणाबरोबरही गेली असती. त्या ताईंना जो विश्वास वाटला, त्याला मी आता दुसरे नाव देणार नाही, पण तो विश्वास नव्हता हे मला दिसते आहे. काल ती आली नाही, कारण तिला यायचे नव्हते. असे तिला आयुष्यात पहिल्यांदाच करता आले, आणि ते माझ्यासमोर करता आले. मला दुखले आहे. ते दुखणे एवढ्यात जाईल असे वाटत नाही, आणि जायलाच हवे असेही आता वाटत नाही. 

संध्याकाळी काकूंचा फोन आला. जाईच्या रेबीजच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे आणि त्यांच्याकडे गाडी नाही, तेव्हा मी येऊन तिला दवाखान्यात नेईन का, असे त्या संकोचाने विचारत होत्या. तिला मी माझ्या गाडीत बसवणार नाही, असे मी सांगितले आणि कारणही सांगितले. मग दोघींनी मिळून ठरवले की घरी येऊन लस टोचणारे डॉक्टर तिथेच शोधायचे, आणि जवळपास कुणी मिळाले नाही तर काकांनी ओळखीची रिक्षा करून तिला घेऊन जायचे आणि त्याच रिक्षाने घरी परत आणायचे. मला तिला भेटायचे असेल तेव्हा मी स्वारगेटहून एस.टी.ने जाईन.

अ‍ॅडॉप्शनच्या फॉर्ममध्ये आज एक ओळ वाढवली आहे. यापुढे मी कुठल्याच कुत्र्याला नव्या घरी पोहोचवणार नाही. घेणाऱ्यांनी आधी दोन-तीनदा येऊन त्याच्याबरोबर बसावे, त्याला फिरवून आणावे, आणि मग आपल्याच वाहनातून त्याला घेऊन जावे. काही जण एवढ्यावरूनच नकार देतील, हे मला माहीत आहे. बाल्कनीत बांधलेल्या एका डॉबरमन कुत्र्यासाठी परवा येणाऱ्या कुटुंबाला मी हे आत्ताच कळवते आहे.