तुम्ही विचारलंत म्हणून: हा जुना कीबोर्ड कशाला?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण टेबलाकडे बघून हेच विचारतो: "चारशे रुपयांत नवा मिळते भाऊ, हा खटखट करणारा कशाला ठेवला?" एकदा नीटच सांगतो.

माझं काम मराठी टायपिंगचं. कोर्टाचे अर्ज, प्रबंध, लग्नपत्रिका. लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन; नागपूरच्या महाल भागातल्या टायपिंग क्लासमध्ये शिकलेला. मराठीत एका जोडाक्षराला अर्धं अक्षर, काना, वेलांटी, रफार करत तीन-चार बटणं सहज लागतात. स्वस्त कीबोर्डात बटणाखाली रबराची टोपी असते. अक्षर उमटलं की नाही हे बोटाला मध्ये कुठेच कळत नाही, म्हणून आपण प्रत्येक बटण तळापर्यंत दाबून धरतो. संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

आता माझ्या टेबलावरचा हा कीबोर्ड घ्या, आयबीएम या अमेरिकी कंपनीचा मॉडेल एम. हे मॉडेल १९८५ साली आलं. प्रत्येक बटणाखाली एका नळीत उभी स्प्रिंग आणि तिच्या पायाशी प्लास्टिकची छोटी हातोडी. बटण दाबत गेलं की स्प्रिंग आवळत जाते आणि एका क्षणी मधूनच बाजूला वाकते. वाकताना ती नळीच्या भिंतीवर आपटते, तोच तो 'टक्'. त्याच झटक्यात हातोडी खालच्या, विजेचा संपर्क जुळवणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर दाबली जाते आणि अक्षर उमटतं. आवाज वरून लावलेला नाही. अक्षर उमटण्याचाच तो आवाज आहे. बोटाला खबर लागते, कानाला लागते, आणि डोळे वकिलाच्या हस्ताक्षरावरून हलवावे लागत नाहीत. ते हस्ताक्षर वाचताना डोळे तिथेच असलेले बरे!

बटणांवरची अक्षरंही वर छापलेली नाहीत, रंग प्लास्टिकमध्ये मुरवलेला आहे. त्यामुळे इतक्या वर्षांनीही ती पुसलेली नाहीत.

हे कौतुक फक्त अमेरिकेच्या मालाचं नाही. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत आणि बिलिंग काउंटरवर वर्षानुवर्षं चाललेला टीव्हीएस कंपनीचा गोल्ड कीबोर्ड आठवा. त्यात प्रत्येक बटणाखाली जर्मनीच्या चेरी कंपनीचा स्वतंत्र निळा स्विच. तिथे स्प्रिंग वाकत नाही, आतला एक छोटा सरकता तुकडा खाली आपटून आवाज करतो. चेरीने या स्विचचं आयुष्य ५ कोटी दाबांचं सांगितलं होतं. तरी एखादा गेलाच, तर त्याच्या दोन पिनांचं सोल्डर काढायचं, दुसरा बसवायचा, झालं. बाकी कीबोर्डला धक्का नाही. मला या वस्तूंचा लळा आहे तो यासाठी: त्या उघडता येतात आणि उघडल्यावर कळतात. रबराच्या कीबोर्डचं एक बटण रुसलं की सगळा कीबोर्ड कबाडीवाल्याकडे.

मॉडेल एममध्ये दोष नाहीत असं मुळीच नाही. आतली प्लास्टिकची चौकट लोखंडी पत्र्याला धरून ठेवणारे रिव्हेट प्लास्टिकचेच आहेत, ते जुने झाले की ठिसूळ होऊन तुटतात. मग कडेची बटणं सैल, बोथट लागतात. उपाय आहे: उरलेले रिव्हेट छाटायचे, त्या जागी बारीक भोकं पाडायची आणि दोन मिलिमीटरचे स्क्रू-नट कसायचे. काम किचकट, पण नंतर त्याच बटणांचा 'टक्' पुन्हा खणखणीत येतो. आणखी एक, त्यात तीन बटणं एकाच वेळी दाबली तर काही जुळण्यांत सगळी उमटत नाहीत. गेम खेळणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

तुम्हाला हौस असेल तर आधी जुना टीव्हीएस गोल्ड शोधा. स्वस्तात मिळतो आणि दुरुस्तीला सोपा. मॉडेल एम सापडलाच, तर विकत घेण्यापूर्वी उलटा धरून हलवा. आत खुळखुळ वाजली तर रिव्हेटचे तुकडे आहेत, त्या हिशेबाने भाव करा. मागच्या पट्टीवर बनल्याची तारीख असते, तीही बघा. आणि प्लग जुना गोल असेल तर यूएसबीसाठी साधी जोडणी पिन नको, आत सर्किट असलेला कन्व्हर्टरच घ्या.